तो निष्काळजी नव्हता: झाडं उतरवणाऱ्या क्रेनचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कामगार सुरक्षेचे नियम ठरवणारे अधिकारी, अपघातांची चौकशी करणारे निरीक्षक आणि झाडं उतरवण्याची कामं ठेक्याने देणाऱ्या सर्व संस्था

महोदय, महोदया,

मी क्रेन चालवतो. एकवीस वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ बहुतेक झाडांच्या कामावर गेली. घरावर कललेली, वादळात अर्धी मोडलेली, आतून पोखरलेली झाडं आम्ही तुकड्या-तुकड्याने खाली आणतो. झाडावर एक माणूस चढतो, फांदीला किंवा ओंडक्याला क्रेनचा पट्टा बांधतो, करवतीने कापतो, आणि मी तो तुकडा उचलून मोकळ्या जागेत ठेवतो.

गेल्या वर्षी अशाच एका कामावर माझा सहकारी कायमचा जायबंदी झाला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आज तो काठी घेऊन चालतो आणि पुन्हा झाडावर चढणार नाही. तो ज्या हुकाला बांधलेला होता, तो हूक माझ्या क्रेनचा होता आणि लिव्हर माझ्या हातात होता. चौकशी झाली. गेल्या महिन्यात अहवाल आमच्या हाती आला. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात एवढंच आहे: कामगाराने स्वतःची दोरी वेळेत सोडली नाही, कामगाराचा निष्काळजीपणा.

ही ओळ मला मान्य नाही. त्या दिवशी काय घडलं ते आधी सांगतो, कारण अहवालात ते आलेलं नाही.

झाड जुनं होतं आणि एका इमारतीच्या मागच्या भिंतीवर झुकलेलं होतं. वरचा निम्मा भाग पार वाळलेला, खालच्या भागाला अजून पालवी. क्रेन २५ टनी. ऐकणाऱ्याला २५ टन म्हणजे वाटेल ते उचलेल असं वाटतं, पण तो आकडा बूम, म्हणजे क्रेनची लांब भुजा, आखूड आणि भार क्रेनला अगदी लागून असतानाचा असतो. भार जितका लांब, तितकी ताकद झपाट्याने कमी होते. आम्हाला क्रेन लावायला जागा मिळाली ती इमारतीच्या पुढे, झाडापासून १८ मीटरवर. तेवढ्या अंतरावर माझ्या लोड चार्टप्रमाणे अडीच टनांच्या वर जायचं नाही, आणि हुकाचं, पट्ट्यांचं वजनही त्यातच धरायचं.

सकाळपासून वाळका भाग उतरवत होतो. सहा तुकडे आले, सहाही अंदाजापेक्षा हलके निघाले. मुकादम म्हणाला, तुकडे जरा मोठे घ्या, दुपारपर्यंत उरकेल. सातवा तुकडा बेचक्याचा होता, म्हणजे खोडाला दोन फाटे फुटतात तिथला. बाहेरून तो वाळका दिसत होता. आतलं लाकूड जिवंत होतं, पाण्याने जड. त्याच्या वजनाचा अंदाज कुणी केला, असं चौकशीत विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. आम्ही कुणीच केला नव्हता. आधीच्या सहा हलक्या तुकड्यांवरून तो आमच्या मनात आपोआप झाला होता.

सहकारी बेचक्याच्या खाली उभा होता. पायाखालचं खोड ठोकलं की पोकळ वाजत होतं, आणि वर दोरी घ्यायला धड फांदी उरली नव्हती. म्हणून सकाळपासून त्याची सुरक्षादोरी क्रेनच्या हुकाला होती. प्रत्येक कापाआधी तो ती सोडायचा आणि खोडाला बांधून घ्यायचा. सातव्या वेळी खोडाचाच भरवसा वाटेना. त्याने वॉकीटॉकीवर विचारलं, “दोरी कुठे घेऊ?” मुकादमाचं उत्तर आलं, “आधी काप, मग बघू.” ते मी ऐकलं. मी तिथे काम थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

करवत आरपार गेली आणि सगळा भार एकदम माझ्यावर आला. बूम वाकली, तिचं टोक बाहेर गेलं, अलार्म वाजला. भार दाखवणाऱ्या दर्शकावर २,९०० किलो. तुकडा बाहेरच्या बाजूला झुलला आणि त्याच हुकाला बांधलेल्या माणसालाही ओढत घेऊन गेला. परत येताना ओंडका त्याच्या मांडीवर आदळला. पाठीमागे खोड होतं. हुकाला ओंडकाही होता आणि तोही होता, त्यामुळे मला पटकन खालीही घेता येईना. त्याला जमिनीवर आणायला पंचवीस मिनिटं लागली.

तो निष्काळजी असता, तर दोरी कुठे घेऊ हे त्याने विचारलं नसतं.

आता नियमांबद्दल. आपल्याकडे क्रेनचे नियम आहेत, उंचीवरच्या कामाचे आहेत, करवतीचेही आहेत. झाड उतरवताना ही तिन्ही कामं एकाच क्षणी, एकाच दोरीवर येतात, आणि त्या क्षणाबद्दल आपले नियम गप्प आहेत. क्रेनचा निरीक्षक माझे कागद बघतो आणि जातो. झाडाचं काम देणारा करवत आणि हेल्मेट बघतो. झाडावरचा माणूस आणि केबिनमधला माणूस एकमेकांशी कसे जोडलेत, हे कुणीही बघत नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आमचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. बांधकामावर मी लोखंडी तुळई उचलतो तेव्हा भार हळूहळू घेतो. आधी पट्टा ताणतो, मग तुळई वीतभर उचलून थांबतो, दर्शक बघतो. जड वाटली तर परत खाली ठेवतो. जास्त भाराला क्रेन स्वतःच अडते, पुढची धोकादायक हालचाल होऊच देत नाही. या पद्धतीत चूक लक्षात यायला वेळ मिळतो. झाडाच्या कामात भार घ्यायचा कधी, हे मी ठरवत नाही, करवत ठरवते. शेवटचे तंतू तुटले की सगळं वजन क्षणात हुकावर येतं. यंत्रातली सुरक्षा लिव्हर अडवू शकते. करवत तिला अडवता येत नाही, आणि कापलेला तुकडा परत खोडावर ठेवता येत नाही. म्हणून झाडाच्या कामात वजनाची खात्री कापायच्या आधी व्हायला हवी. आपल्या नियमांत ही अट कुठेही नाही, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे.

वजन काढणं अवघड आहे असं आम्हाला सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. बऱ्याच जातींच्या ओल्या लाकडाचा एक घनमीटर हजार किलोच्या आसपास भरतो, काही जातींचा कमी, काहींचा थोडा जास्तही. ६० सेंटीमीटर जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा सरळ ओंडका घेतला तर साधारण साडेआठशे किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, आणि नजरेचा अंदाज नेमका इथेच फसतो. टेप, एक तक्ता आणि दोन मिनिटं एवढंच लागतं. बेचकं, गाठी, पाणी साठलेली ढोली, पानांनी भरलेला शेंडा यांचं गणित खरोखर अवघड आहे. म्हणून तिथे अंदाजावर भरघोस जादा धरायचं आणि तुकडा लहान घ्यायचा. तुकडा लहान घेतला की उचली वाढतात आणि वेळ वाढतो. इतकी वर्षं केबिनमधून बघतो आहे, या गणिताला विरोध कधी अज्ञानातून आलेला मी पाहिला नाही. तो वेळेपायी होतो.

पट्टा कसा बांधला यावरही तितकंच अवलंबून असतं. दोन पट्ट्यांनी ओंडका उचलताना पट्टे जमिनीच्या रेषेशी ६० अंशात असतील, तर प्रत्येकावर एकूण वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त ताण येतो. ते पसरून ३० अंशांवर आले, तर प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या ओंडक्याइतका ताण येतो. हे झाडावर बसलेल्या, एका हाताने गाठ मारणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं. कुणी शिकवलं तर माहीत होईल. माझ्या सहकाऱ्याला ते कुणीही शिकवलं नव्हतं. तो जे शिकला ते बघून शिकला. आणि गुरुत्वमध्य चुकला, पट्टा कमी किंवा जास्त ताणला, की कापलेला तुकडा खाली बसतो, उलटतो किंवा उसळी मारतो. अशा वेळी झाडावरच्या माणसाला पळायला जागा नसते.

दुसरी तक्रार माणसाला क्रेनने उचलण्याबद्दल आहे. काही झाडांवर चढणंच जिवावरचं असतं. कीड किंवा बुरशी लागून मेलेली झाडं आतून ठिसूळ होतात. एमराल्ड ॲश बोरर हा भुंगा अमेरिकेत २००२ मध्ये आढळला आणि तिथे ॲशची झाडं कोट्यवधींनी मेली. अशा झाडावर दोरी टाकून चढण्यापेक्षा क्रेनच्या आधाराने वर जाणं कमी धोक्याचं ठरू शकतं, हे मी मान्य करतो. पण केव्हा आणि कोणत्या अटींवर, हे लिहिलेलं हवं. अमेरिकेत बांधकामावरच्या क्रेनसाठी नियम असा आहे की, दुसरा कोणताही मार्ग जास्त धोक्याचा किंवा अशक्य असेल तरच माणूस क्रेनने उचलायचा, आणि पाळण्यातून, म्हणजे माणूस उभा राहतो त्या लटकत्या पिंजऱ्यातून, उचलताना एकूण भार क्रेनच्या त्या स्थितीतल्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचा नाही. तिथलं झाडकामाचं मानक, झेड १३३, झाडावरच्या माणसाला काही अटींवर क्रेनने उचलू देतं, पण क्रेनवर तुकड्याचा भार येण्याआधी त्याने क्रेनपासून सुटं व्हायचं असं मूळ तत्त्व सांगतं.

आमच्या अहवालाने या तत्त्वाचा शेवटचा तुकडा तेवढा उचलला: सुटं व्हायला हवं होतं. बरोबर, हवं होतं. पण सुटं होऊन बांधून कुठे घ्यायचं, हे काम सुरू होण्याआधी जमिनीवर ठरायला हवं होतं. जागा नव्हती, तर त्या झाडावर माणूस चढवायचाच नव्हता. दुसरं यंत्र आणून पाळण्यातून कापता आलं असतं. पकड आणि करवत एकत्र असलेली, माणूस न चढवता झाड उतरवणारी यंत्रंही आता वापरात आहेत. ते जास्त खर्चाचं आहे म्हणून तो पर्याय कुणी काढला नाही. खर्चाचा तो निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यापैकी एकाचंही पद अहवालात आलेलं नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. वादळानंतर आम्हाला बोलावतात, तेव्हा माती पाण्याने फुगलेली असते. क्रेनच्या एका जॅकखाली, म्हणजे जमिनीवर टेकवलेल्या पायाखाली, किती भार येतो ते बूम फिरेल तसं बदलत जातं, आणि भार कोपऱ्यावर आला की एकाच पायावर बराचसा बोजा बसतो. खाली जुनी टाकी आहे की गटार आहे की भरलेला चर आहे, हे मला वरून दिसत नाही. ते सांगणं जागेच्या मालकाचं आणि काम देणाऱ्याचं कर्तव्य आहे असं लिहा. आज मी विचारतो आणि उत्तर मिळतं, “इथून तर ट्रक जातात.” ट्रक चाकांवर जातो आणि पुढे निघून जातो, माझा जॅक एकाच जागी दिवसभर दाबत बसतो.

विजेच्या तारांबद्दल आपले नियम आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. अंतर बूमपासून मोजलं जातं. आमच्या कामात ते हुकाला लटकलेल्या, फांद्या पसरलेल्या, वाऱ्याने फिरणाऱ्या तुकड्यापासूनही मोजायला हवं. अमेरिकी नियमात ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांसाठी किमान १० फुटांचं अंतर सांगितलं आहे, आणि ते यंत्र, दोर आणि भार या सगळ्यांना लागू होतं. वाऱ्याचंही तसंच आहे. पानांनी भरलेला शेंडा शिडासारखा वारा धरतो, लोखंडाच्या भाराला लावलेली वाऱ्याची मर्यादा त्याला पुरत नाही.

चौथी तक्रार मला सगळ्यांत जास्त बोचते. काम थांबवण्याचा अधिकार कुणाचा? कागदावर तो सगळ्यांचा असतो. प्रत्यक्षात जो थांबवतो त्याला पुढच्या कामावर बोलावणं येत नाही. मी एकदा जोराच्या वाऱ्यात उचलायला नकार दिला होता. त्या ठेकेदाराचा फोन मला पुन्हा कधीच आला नाही. त्या दिवशी सातव्या तुकड्याला मी गप्प का बसलो, याचं हे समर्थन नाही, पण त्यामागे हे होतंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १५५ क्रमांकाचा करार १९८१ चा आहे. जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामापासून दूर होतो, त्याला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. २०२२ मध्ये त्या संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची परिस्थिती हा कामाचा मूलभूत हक्क ठरवला आणि हा करार मूलभूत करारांत आणला. ठेक्याच्या आणि रोजंदारीच्या कामात हा हक्क कसा वाचवणार, हे आपण सांगायला हवं. अख्ख्या झाडाचा एकच ठरलेला आकडा घेऊन काम देता, तेव्हा थांबलेला प्रत्येक तास कामगाराच्या अंगावर पडतो.

आणि सुटकेचं काय? त्या पंचवीस मिनिटांत खाली एकही माणूस असा नव्हता, ज्याला झाडावर चढून जखमीला उतरवता आलं असतं. जमिनीवर तिघे होते, तिघेही फांद्या ओढणारे. अंगावरच्या सुरक्षापट्ट्यात निश्चल लटकत राहणं हेच शरीराला घातक असतं. रक्तस्राव होत असेल तर मिनिटं मोजायची असतात. मी केबिनमधून त्याचं हेल्मेट बघत होतो. मान हलली की हायसं वाटायचं.

अमेरिकेतल्या झेड १३३ मानकासाठी १९६८ मध्ये समिती बसली. त्यामागे एका आईचा पाठपुरावा होता, तिचा मुलगा झाड छाटताना गेला होता. आपल्याकडे मरणाची वाट बघावी लागू नये, एवढ्यासाठी माझ्या मागण्या सरळ लिहितो.

क्रेनने झाड उतरवणं हे स्वतंत्र, धोक्याचं काम म्हणून नियमांत नोंदवा. प्रत्येक कामाआधी सक्षम व्यक्तीने केलेला लेखी उचल-आराखडा सक्तीचा करा. ब्रिटनमध्ये १९९८ पासून प्रत्येक उचलीचं नियोजन सक्षम व्यक्तीने करणं कायद्याने बंधनकारक आहे. आराखड्यात प्रत्येक मोठ्या तुकड्याचं अंदाजे वजन, त्या अंतरावरची क्षमता, चढणाऱ्याला बांधून घ्यायची जागा आणि जखमीला उतरवायची पद्धत लिहिलेली असावी. लाकूड वाळक्याचं ओलं झालं, जात किंवा जाडी बदलली, की थांबून नवा अंदाज करावा. हे एक वाक्य नियमात असतं तर आमचा सातवा तुकडा दोन तुकड्यांत आला असता.

माणूस आणि तुकडा एकाच हुकाला कधीही नको. बांधून घ्यायला जागा नसेल तर माणूस वर पाठवायचा नाही. पाळणा किंवा दुसरं यंत्र आणायचं, आणि त्याचा खर्च निविदेतच धरायचा. माणूस उचलणाऱ्या साधनांची ब्रिटनमध्ये दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी होते, तीच मुदत इथे लावा. पट्टे, शॅकल (जोडायच्या लोखंडी कड्या), हूक यांनाही तीच.

ऑपरेटर, चढणारा आणि इशारा देणारा या तिघांनी एकत्र प्रशिक्षण घेतलेलं असावं आणि तिघांच्या कानात एकाच वाहिनीवरचा संवाद असावा. इशारा एकानेच द्यायचा. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकेल, आणि ते म्हणणाऱ्याचं काम जाणार नाही, याची जबाबदारी काम देणाऱ्या संस्थेवर लेखी टाका. उंचीवरून सुटका करण्याचं प्रशिक्षण घेतलेला आणि साहित्य तयार ठेवलेला एक माणूस काम चालू असेपर्यंत खाली हजर असला पाहिजे. त्याला फांद्या ओढायला लावू नका.

झाडांची कामं अख्ख्या झाडाच्या ठोक आकड्यावर देणं बंद करा, किंवा वारा, पाऊस आणि सुरक्षेसाठी थांबलेल्या वेळेचे पैसे वेगळे द्या.

आणि तो अहवाल पुन्हा उघडा. वॉकीटॉकीवर झालेलं ते बोलणं चौकशीत कुणी विचारलंच नाही. मला पाच प्रश्न विचारले गेले, पाचही क्रेनच्या कागदपत्रांबद्दल. साक्षीला मी कधीही येईन. कारणाच्या रकान्यात लिहा की वजनाचा अंदाज केला नव्हता, बांधून घ्यायला जागा ठरवली नव्हती, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, आणि ऑपरेटरने ऐकूनही काम थांबवलं नाही. ती शेवटची चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहा. त्याच्या नावावरचा निष्काळजीपणा तेवढा काढून टाका.

आपला,
त्या दिवशी केबिनमध्ये असलेला क्रेन ऑपरेटर